सॅनिटेशनचा शनिवार: लागोसच्या रिकाम्या रस्त्यावरचा मंकी पोस्ट

नायजेरियात १९८४ साली मुहम्मदू बुहारी यांच्या लष्करी राजवटीने बेशिस्तीविरुद्ध युद्ध पुकारलं. रांगेत उभे राहा, कामावर वेळेत या, रस्त्यावर घाण करू नका, असा त्या मोहिमेचा एकूण सूर होता. तिच्यातूनच महिन्याच्या सामूहिक सफाईची पद्धत रुजली. शेवटच्या शनिवारी सकाळी सात ते दहा कोणी घर सोडून फिरायचं नाही, आपलं अंगण आणि समोरचं गटार साफ करायचं. बुहारी गेले, १९९९ मध्ये लष्करही सत्तेवरून गेलं, तरी लागोस राज्यात हा प्रकार नोव्हेंबर २०१६ पर्यंत चालू राहिला. लोक त्याला नुसतं ‘सॅनिटेशन’ म्हणत.

नियम करणाऱ्यांच्या डोक्यात फुटबॉल नव्हता. पण लागोससारख्या शहरात सलग तीन तास पिवळी डॅनफो बस नाही, भाड्याची ओकाडा मोटारसायकल नाही, डोक्यावर परात घेतलेली विक्रेती नाही, अशी वेळ एरवी यायचीच नाही. मेनलँडवरच्या, म्हणजे मुख्य भूमीवरच्या मुशिन, सुरुलेरे, अजेगुन्ले अशा दाट वस्त्यांत १९८० आणि ९० च्या दशकांत वाढलेल्या लोकांच्या बालपणीच्या आठवणींत ही सकाळ हमखास निघते. या लेखात तेवढी एकच परिस्थिती घेतली आहे. आतली एक गल्ली, तीसेक मुलं, एक बॉल आणि हाताशी जेमतेम दोन तास. गल्ली अमुक नावाची नाही, त्या वस्त्यांत सर्रास दिसणारी आहे.

रस्त्यावरच्या फुटबॉलबद्दल बोलताना ‘मोकळा’, ‘बेबंद’, ‘नियमांविना’ असे शब्द फार सैलपणे वापरले जातात. प्रत्यक्षात हा खेळ रेशनिंगसारखा चालतो. बॉल कमी, जागा कमी, वेळ कमी आणि खेळणारे जास्त. मंकी पोस्ट म्हणजे गोलकीपर नसलेल्या छोट्या गोलवरचा खेळ, आणि त्याचा जवळपास प्रत्येक नियम या चारांपैकी कशाची तरी वाटणी करण्यासाठी आलेला आहे. तो का आहे हे कळलं की खेळही कळतो.

आधी गटार

सात वाजता मोठी माणसं फावडं, खराटा, गवत कापायचा कोयता घेऊन बाहेर येतात. रस्त्याच्या दोन्ही कडांना उघडी काँक्रीटची गटारं असतात. प्रत्येक घराच्या दारासमोर तेवढी एक फरशी टाकलेली, बाकी सगळं उघडं. गटारातला काळा गाळ उपसून कडेलाच ढीग घालतात. तो ट्रकने उचलून न्यायचा असतो. ट्रक वेळेवर येईलच असं नाही, आणि मध्ये एखादा जोराचा पाऊस झाला की निम्मा गाळ पुन्हा आत. ही तक्रार सॅनिटेशनइतकीच जुनी आहे. आरोग्य निरीक्षकांना इथल्या योरुबा भाषेत ‘वोलेवोले’ म्हणतात. ते कधीही डोकावतील या धाकाने काम निदान दाखवण्यापुरतं तरी होतंच.

मुलांच्या वाट्याला अंगण झाडणं, पाणी आणणं, कचरा टाकणं येतं. मुलींच्या वाट्याला यापेक्षा बरंच जास्त. म्हणून रस्ता रिकामा होतो तो सगळ्यांसाठी सारखा होत नाही. ज्या वाड्याचं काम आधी उरकतं त्याची मुलं आधी बाहेर येतात आणि पहिला सेट, म्हणजे पहिला संघ, त्यांचा होतो.

वाडा हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. मधोमध एक बोळ, दोन्ही बाजूंना समोरासमोर दारं असलेल्या खोल्या, एका खोलीत एक कुटुंब, न्हाणी आणि स्वयंपाकाची जागा सामायिक, अशा घराला लागोसमध्ये ‘फेस मी आय फेस यू’ म्हणतात. अशा एकाच घरातून पाच मुलांचा अख्खा सेट निघू शकतो. त्यामुळे संघ ठरवताना कोण कुठल्या वाड्यातला याला खेळाइतकंच महत्त्व येतं.

सफाईचा खेळावर थेट परिणाम होतो. गाळाच्या ढिगांनी रस्त्याची रुंदी दोन्हीकडून कमी होते आणि त्या ढिगांत काचा, खिळे, बाटल्यांची बुचं असतात. दुसरं म्हणजे नुकतंच उपसलेलं गटार नेहमीपेक्षा खोल आणि वाहतं असतं. एरवी बॉल गाळावर बसून राहतो, आज तो वाहत जाऊन फरशीखाली शिरतो. हे ओळखून जाणती पोरं खेळ सुरू होण्याआधी खालच्या अंगाला, पाणी जिकडे जातं तिकडच्या फरशीच्या तोंडाशी, दोन काठ्या आडव्या अडकवून ठेवतात.

पोस्ट

मंकी पोस्ट म्हणजे छोटा गोल, ज्याला गोलकीपर नसतो. कायमच्या जागी तो लोखंडी नळ्यांचा किंवा लाकडाचा असतो, सॅनिटेशनच्या सकाळी मात्र सिमेंटच्या ब्लॉकचा. नायजेरियात बांधकामाचे ब्लॉक मुख्यतः दोन मापांचे: नऊ इंची, म्हणजे ४५० × २२५ × २२५ मिलिमीटर, आणि सहा इंची, ज्याची जाडी १५० मिलिमीटर. कुठेतरी बांधकाम अर्धवट पडलेलं असतंच, त्यामुळे चार ब्लॉक मिळायला अडचण नाही. उभा केलेला नऊ इंची सगळ्यांत चांगला. बॉल आपटून तो हलत नाही आणि एकट्या लहान मुलाला तो गुपचूप सरकवताही येत नाही. चपला किंवा दगड ठेवले तर खेळ रंगात येताच पोस्ट आत सरकू लागतं. बचाव करणारा पायाने हळूच ढकलतो, एका वेळी चार बोटं. म्हणून दगड वापरायचेच असतील तर त्यांच्याभोवती कोळशाने किंवा फुटक्या ब्लॉकच्या तुकड्याने डांबरावर खूण करतात.

रुंदी पावलांनी मोजतात, टाचेला अंगठा लावून. चार पावलं हे सर्वसाधारण माप. दहा-बारा वर्षांच्या मुलाचं पाऊल २० ते २२ सेंटिमीटर धरलं तर गोल ८० ते ९० सेंटिमीटरचा होतो. दोन्हीकडचं माप एकाच मुलाने घ्यायचं, ही अट मोडली की भांडण ठरलेलं. सोळा वर्षांच्या पोराने एक बाजू मोजली आणि नऊ वर्षांच्याने दुसरी, तर चार पावलांतच वीतभर फरक पडतो.

वर आडवी दांडी नसल्याने उंचीचा प्रश्न उरतोच. गुडघ्याच्या वरून गेलेला बॉल गोल नाही, असं सहसा ठरवतात. कोणाचा गुडघा, हा पुढचा वाद. ब्लॉक वापरला की तो वाद मिटतो, कारण ब्लॉकच्या माथ्यावरून गेला तर बाहेर. उंचीचा हा एक नियम अख्ख्या खेळाची चाल ठरवतो. उचललेल्या फटक्याला किंमत राहत नाही, बॉल जमिनीलगत ठेवावा लागतो आणि गोल करायचा तर दोन ब्लॉकमधली रेघ आधी मोकळी करावी लागते.

गोलकीपर नाही म्हणून कोणी पोस्टमध्ये जाऊन उभंच राहिलं तर? ८५ सेंटिमीटरचा गोल दोन पाय फाकवून झाकता येतो. त्यामुळे ब्लॉकच्या मध्ये ठाण मांडायला मनाई असते. बचाव करायचा तो पुढे येऊन. हाताला बॉल लागला तर पेनल्टी, आणि मंकी पोस्टची पेनल्टी म्हणजे समोरच्या गोलरेषेवरून रिकाम्या पोस्टवर मारलेला एक सरपटी फटका. दिसायला सोपी, पण खडबडीत डांबरावर २० मीटरवरून ८५ सेंटिमीटर गाठणं भल्याभल्यांना जमत नाही. तीन कॉर्नर झाले की एक पेनल्टी, हा हिशेबही बऱ्याच ठिकाणी चालतो. कॉर्नर मारायला जागाच नसते, मग त्याचं करायचं काय, यातून तो आला असावा.

मैदानाची लांबी तीन-चार घरांच्या दर्शनी भागाएवढी, २० ते २५ मीटर. रुंदी दोन गटारांच्या मधली, ढीग वजा जाता सहा मीटर मिळाली तरी पुष्कळ. रस्ता पुढे शंभर मीटर रिकामा असला तरी लांबी त्याहून वाढवत नाहीत. गोलकीपर नसताना मैदान लांब केलं की आपल्या टोकाकडून रिकाम्या गोलवर लांबचे फटके मारण्याचा मोह होतो आणि खेळ बिघडतो. कुठे कुठे त्यासाठी अर्धी रेषा आखून, तिच्या पलीकडून मारलेला गोल धरत नाहीत.

बॉल

सगळ्यांत दुर्मिळ वस्तू ही. तीन प्रकार चालतात आणि प्रत्येकाबरोबर खेळ बदलतो.

चिंध्यांचा बॉल लहान मुलांचा. आत चुरगळलेल्या नायलॉनच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या पिशव्या किंवा गादीच्या फोमचा तुकडा, त्यावर सुतळीचे आडवे-उभे वेढे, मग जुना मोजा चढवायचा. मोज्याचं तोंड पिळून उरलेला भाग उलटा करून पुन्हा त्याच गोळ्यावर ओढायचा, असं दोन-तीनदा, आणि शेवटी टाके घालायचे. फोमचा गाभा मऊ लागतो पण पाणी पितो. एकदा गटारात पडला की दुप्पट जड होतो आणि पायाला दगडासारखा लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर या पावसाच्या महिन्यांत पिशव्यांचाच गाभा शहाणपणाचा.

‘फेलेले’ हा पातळ प्लॅस्टिकचा हवा भरलेला बॉल. स्वस्त, रंगीत, जवळजवळ पूर्ण आकाराचा, पण वजन नियमाच्या बॉलच्या पावानेही नाही. हवेचा रोध बॉलच्या आकारावर आणि वेगावर ठरतो, वजनावर नाही. त्यामुळे हलक्या बॉलला तोच रोध कितीतरी जास्त अडवतो. जोरात मारलेला फेलेले सात-आठ मीटरवर जाऊन मरतो, वाऱ्यात वाकतो, कुठेही भरकटतो. याला ताकद उपयोगी नाही. तळव्याखाली दाबून, पायाच्या आतल्या बाजूने ढकलून, अंगाजवळ ठेवूनच तो नेता येतो. पायाला बॉल चिकटवून चालणारी नायजेरियन शैली याच बॉलवर घडली असं म्हणण्यात थोडी अतिशयोक्ती आहे, पण सवय इथलीच. भोक पडलं तर रॉकेलच्या स्टोव्हवर सुरी तापवून कडा वितळवून चिकटवतात. तिथे कडक गाठ बनते आणि पुढे बॉल उड्या मारत चालतो. गाठ दोन बोटांपेक्षा मोठी झाली की समजायचं, हा बॉल संपला.

खरा बॉल, म्हणजे पाच नंबरचा, ६८ ते ७० सेंटिमीटर घेराचा आणि ४१० ते ४५० ग्रॅम वजनाचा, बहुधा वर्गणीचा असतो. तो गवतासाठी बनवलेला, डांबरावर त्याचे हाल होतात. शिवणीचा दोरा घासून तुटतो, दोन पाकळ्यांमधून आतलं रबरी ब्लॅडर फुगा काढतं आणि मग एका खिळ्याचं काम उरतं. शिवण उसवायला लागली तेव्हाच ती शिवून घ्यावी लागते. पेटीवर टकटक करत फिरणारा चप्पल-बूट शिवणारा हे काम करतो. पंक्चर आणि हवेसाठी रस्त्याकडेचा वल्कनायझर, म्हणजे टायरवाला. गोम अशी की सॅनिटेशनच्या सकाळी हे दोघेही नाहीत. एक फिरू शकत नाही, दुसऱ्याचं दुकान दहाच्या आधी उघडत नाही. म्हणून बॉलची सगळी तयारी शुक्रवारी संध्याकाळी व्हायला हवी. ती न करणाऱ्या गल्लीने शनिवारी चिंध्यांच्या बॉलवर भागवायचं.

हवा भरताना सुई थुंकीने ओली करतात. कोरडी सुई खुपसली तर व्हॉल्व्हचं रबर फाटतं आणि त्यावर उपाय नाही. हवाही पूर्ण भरत नाहीत. अंगठा दाबला तर सेंटिमीटरभर आत जायला हवा. घट्ट बॉल डांबरावर उसळतो, गटार गाठतो, खिडकी गाठतो. थोडा मऊ बॉल रस्त्यावर बसतो.

सेट

पाच जणांचा एक सेट. पहिले दोन सेट दोन म्होरके एकेक गडी मागून निवडतात. त्यानंतर येणाऱ्यांचे सेट येण्याच्या क्रमाने बनतात: तिसरा, चौथा, पाचवा. दोन गोल किंवा दहा मिनिटं, जे आधी होईल ते. जिंकलेला सेट थांबतो, हरलेला रांगेच्या शेवटी जातो. एका सेटने शर्ट काढायचे, दुसऱ्याने ठेवायचे.

दोन अटी एकदम का, हे समजून घेण्यासारखं आहे. मनगटावर घड्याळ सगळ्यांच्या नसतं, म्हणून गोलसंख्या हा मोजायला सोपा शेवट. पण गोल चार पावलांचा, मैदान अरुंद, मध्ये दहा जण. अशा वेळी शून्य-शून्य अर्धा तासही चालू शकतं. म्हणून वेळेची मर्यादा. नुसती वेळ ठेवली तर एक गोलने पुढे असलेला सेट वेळ काढतो, नुसते गोल ठेवले तर रांग हलत नाही.

हिशेब मांडू. सफाई आटोपून आठला खेळ सुरू झाला तर हातात १२० मिनिटं. दहा मिनिटांचा सामना आणि अदलाबदल, वादविवाद यांना दोन मिनिटं धरली तर दहा सामने होतात. तीस मुलं म्हणजे सहा सेट. पहिला सामना पहिल्या आणि दुसऱ्या सेटचा, मग प्रत्येक सामन्याला एक नवा सेट आत येतो. सहावा सेट मैदानात उतरतो तो पाचव्या सामन्याला, ४८ मिनिटं कडेला बसून. पहिल्याच सामन्यात हरलेल्याचा नंबर पुन्हा सहाव्या सामन्याला लागतो. थोडक्यात, हरणाऱ्याला अख्ख्या सकाळीत दोन सामने, म्हणजे जास्तीत जास्त वीस मिनिटं खेळ. जिंकत राहणारा दोन तास मैदानावर. महिन्यातून एकदा मिळणाऱ्या सकाळीचं हे असं वाटप असल्यावर प्रत्येक गोलवर जीव तोडून वाद का होतो ते उमगतं. भांडणाचं कारण बहुतेक वेळा गोल नसतोच, पुढच्या ४८ मिनिटांचं बसणं असतं.

बरोबरी झाली तर रांग मोठी असताना दोन्ही सेट बाहेर, हा सगळ्यांत चांगला नियम. त्याने घाबरून खेळणाऱ्याला शिक्षा होते आणि रांग दुप्पट वेगाने सरकते. रांग छोटी असेल तर एकेक पेनल्टी.

पद्धत मोडते ती दोन ठिकाणी. पहिलं, पाच तगडे मिळून एक सेट करतात आणि तासभर हलत नाहीत. इतर मुलं कंटाळून घरी जातात, आणि रांग संपली की त्या पाचांनाही खेळायला कोणी उरत नाही. यावर सलग तीन विजयांनंतर सक्तीची विश्रांती हा तोडगा जाणत्या गल्ल्यांत असतो. तो लागू करायला मात्र वयाने मोठा, ज्याला सगळे ‘ब्रदर’ किंवा योरुबात ‘एगबॉन’ म्हणतात असा कोणीतरी कडेला लागतो. दुसरं, बॉलचा मालक. आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये ज्याची बॅट त्याची पहिली बॅटिंग असते, तोच न्याय इथे चालतो. मालक पहिल्या सेटमध्ये असणारच, त्याचा सेट हरला तर तो पुढच्या सेटमध्ये घुसणार, फार बोललात तर बॉल काखेत मारून घरी. वर्गणीच्या बॉलचा खरा फायदा इथे कळतो. तो कोणाच्याच काखेत जात नाही. फक्त तो ठेवायचा कोणाकडे, हे आधी ठरवून घ्यावं लागतं, आणि तो मुलगा शनिवारी गावी गेलेला नको.

लहानांना सेटमध्ये जागा मिळत नाही. त्यांना गटाराच्या कडेला उभं करतात, बॉल अडवायला. बदल्यात शेवटच्या पाच मिनिटांत आत घेण्याचं वचन असतं. ते क्वचितच पाळलं जातं.

काय बिघडतं

गटार सगळ्यांत वर. नियम एकच: ज्याने मारला त्याने काढायचा. याशिवाय दुसरा मार्ग नाही, कारण पुढे असलेला सेट वेळ काढायला मुद्दाम गटारात मारू शकतो. बॉल फरशीखाली गेला तर टोकाला खिळा वाकवलेली लांब काठी लागते. हात घालू नये. आत फुटकी काच असते. काढलेला बॉल कोरड्या मातीत लोळवून मगच आत घेतात. ओला बॉल डांबरावर पायाखालून सटकतो आणि घोटे मुरगळतात.

पायांचं बघायचं तर अनवाणी किंवा कॅनव्हासचे बूट, पण सगळ्यांचं एकसारखं. एकाच्या पायात बूट आणि नऊ अनवाणी असतील तर त्या बूटवाल्याला उतरवतात. यात न्यायापेक्षा बोटं वाचवण्याचा भाग जास्त. सर्वांत सर्रास दुखापत म्हणजे अंगठ्याचं नख. बॉलला मारायला गेलेला पाय डांबराच्या उंचवट्याला लागतो आणि नख मुळातून उचकटतं. घरोघरी त्यावर जेंटियन व्हायोलेट लावतात, पाय जांभळा होतो, आठवडाभर आईपासून लपवता येत नाही. खरी काळजी गंजक्या खिळ्याची. ढिगातला खिळा खोल गेला तर जांभळ्या औषधाने भागत नाही, धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं.

खिडक्या बहुतेक लूव्हर्सच्या, आडव्या काचांच्या पट्ट्यांच्या. त्यातल्या त्यात बरं म्हणजे फुटली तर एक पट्टी बदलता येते, अख्खी खिडकी नाही. पण सॅनिटेशनच्या दिवशी सगळी मोठी माणसं घरी असतात, त्यामुळे कोणी मारला याचे साक्षीदार भरपूर. बॉल जप्त होतो. घरमालक रागीट असेल तर सुरीने भोसकून परत फेकतो. म्हणून मैदान निवडताना पोस्टच्या मागे बिनखिडक्यांची भिंत येईल अशी जागा बघतात. दोन्ही टोकांना भिंत मिळत नाहीच, मग निदान जास्त जोरात मारणारे सेट ज्या दिशेने खेळतात तिकडे तरी.

गस्तीची गाडी आली तर ओरडा होतो आणि क्षणात रस्ता मोकळा. बाहेर भटकणाऱ्या मोठ्यांना पकडून फिरत्या न्यायालयापुढे उभं करत. पोरांना सहसा हुसकावून लावत. गाडी गेल्यावर खेळ कुठून सुरू करायचा, बॉल कोणाचा होता, यावर पुन्हा दोन मिनिटं जातात. आणि ‘ओजोरो!’ हा शब्द सतत कानावर येतो, म्हणजे रडीचा डाव. पंच नसल्याने न्याय बहुमताने होतो. कडेला बसलेल्या चार सेटचं मत ज्यांच्या हरण्याने आपला नंबर लवकर लागेल त्यांच्या विरुद्ध पडतं. हा पक्षपात सगळ्यांना माहीत असतो आणि तो फिरता असल्यामुळे चालून जातो.

साडेनऊनंतर ऊन चढतं. १९९० च्या दशकात ५० सेंटिलिटरच्या पिशवीतलं ‘प्युअर वॉटर’ सगळीकडे झालं, त्याआधी गाठ मारलेल्या पिशवीतलं बर्फाचं पाणी. फिरते विक्रेते दहापर्यंत नसल्याने घरून आणलेल्या पाण्यावर भागवावं लागतं. दहा वाजताच पहिली डॅनफो येते आणि ब्लॉक उचलायला कोणी थांबत नाही. ते ब्लॉक मग दिवसभर ड्रायव्हरांच्या शिव्या खातात.

यातून काय घडतं, काय नाही

नायजेरियन फुटबॉलपटू ऑगस्टिन ‘जेजे’ ओकोचा १९७३ मध्ये एनुगूत जन्मला. जी गोलाकार वस्तू मिळेल तिनेच आम्ही खेळायचो, खरा बॉल मिळाला तर ती चैन, असं त्याने जाहीरपणे सांगितलं आहे. १९९३ मध्ये आइनट्राख्त फ्रांकफुर्ट या जर्मन क्लबकडून कार्ल्सरूहविरुद्ध त्याने केलेला गोल पाहावा. समोर गोलकीपर ऑलिव्हर कान आणि बचावपटू. ओकोचा मारतोय असं दाखवून पुन्हा पुन्हा बॉल फिरवतो आणि रेघ मोकळी झाल्यावरच मारतो. मोठ्या गोलवर इतकं थांबायची गरज नव्हती. ८५ सेंटिमीटरच्या पोस्टवर मात्र तसंच मारावं लागतं.

लागोसच्या ओलुसोसुन भागात, कचराभूमीशेजारी वाढलेला व्हिक्टर ओसिमेन रस्त्यावर पाण्याच्या पिशव्या विकायचा आणि कचऱ्याच्या ढिगांत बूट शोधायचा. २०१५ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात त्याने १० गोल केले. इकोरोडूची असिसात ओशोआला घरच्यांचा विरोध असताना मुलांबरोबर रस्त्यावर खेळली, आणि २०१४ च्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरली. अजेगुन्लेच्या ‘माराकाना’ मैदानावरून ओडिऑन इघालो पुढे गेला.

ही नावं घेऊन ‘रस्त्याने खेळाडू घडवले’ असं म्हणायची रीत आहे. ती अर्धीच खरी. यातला प्रत्येक जण रस्त्यावरून कुठल्या तरी मैदानावर गेला, अकरा जणांत खेळला, तिथे कोणाच्या तरी नजरेत भरला. मंकी पोस्ट अरुंद जागेत बॉल राखायला, अंगावर आलेल्याला चकवायला, पटकन निर्णय घ्यायला शिकवतो. हेडर, क्रॉस, लांब पास, ऑफसाइड, आपली जागा धरून राहणं यातलं काहीच तिथे नाही. गोलकीपर तर तिथे घडूच शकत नाही. रस्त्यावर राजा असलेला पोरगा मोठ्या मैदानावर पहिल्या आठवड्यात हरवलेला दिसतो, याचं कारण हेच. गोव्यातल्या प्रेक्षकांना नायजेरियन फुटबॉल दिसला तो डेम्पो क्लबच्या रँटी मार्टिन्समुळे आणि चर्चिल ब्रदर्सच्या ओडाफा ओकोलीमुळे. दोघेही पेनल्टी बॉक्समध्ये जागा पकडून गोलांचा रतीब घालणारे स्ट्रायकर. तो मोठ्या मैदानाचा, मोठ्या गोलचा खेळ. त्यावरून मंकी पोस्टची कल्पना येणार नाही.

२०१६ नंतर

मार्च २०१५ मध्ये लागोसमधल्या फेडरल हायकोर्टाने सफाईसाठी लोकांना घरात डांबणं बेकायदा ठरवलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारने महिन्याचं सॅनिटेशन बंद केलं. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच होतं. तीन तास आजारी माणसालाही अडवून धरणारा नियम होता तो. पण गल्लीतल्या पोरांची ती सकाळ त्याबरोबर गेली. गाड्या वाढल्या, कडेला पार्किंग आलं, अनेक गल्ल्यांच्या तोंडाशी फाटकं बसली. पैसे भरून खेळायची कृत्रिम गवताची मैदानं शहरभर झाली आहेत. सेटची पद्धत तिथेही टिकून आहे, मात्र घड्याळ आता मोबाइलवर लावतात.

रिकामा रस्ता आता संपात किंवा निवडणुकीत मिळतो. जानेवारी २०१२ च्या इंधन-दरवाढीविरोधी संपात लोक हमरस्त्यांवर फुटबॉल खेळले. मतदान शनिवारीच असतं, २०२३ मध्ये २५ फेब्रुवारी आणि १८ मार्च हे दोन्ही शनिवार होते, आणि त्या दिवशी वाहनांना बंदी असते. मतदानाची वेळ साडेआठ ते अडीच, म्हणजे सॅनिटेशनच्या दुप्पट. अडचण एवढीच की मतदान केंद्रं बऱ्याचदा रस्त्यावरच, छत्रीखाली किंवा मांडवाखाली मांडलेली असतात. जिथे केंद्र नाही तीच गल्ली कामाची, आणि ती शेजारच्या मुलांची निघाली तर त्यांचा पहिला सेट मान्य करूनच आत शिरावं लागतं.